फिर्याद कोणाच्या भाषेत?

मी पोलीस होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते वाचणाऱ्यानं ठरवावं. १९८३ साली शिपाई म्हणून भरती झालो, २०२१ साली सहायक फौजदार म्हणून बाहेर पडलो. सारी नोकरी यवतमाळ जिल्ह्यात. बाप दारव्हा तालुक्यात एका पाटलाकडं सालदार. आमच्या घरात खाकी कपडा पहिल्यांदा आला तेव्हा मायनं तो हातात धरून बघितला अन् म्हणाली, "आता आपल्याले कोनी हात लावणार नाई." माय चुकली होती. कशी चुकली, ते सांगण्यासाठी हा लेख लिहितो आहे.

आपल्या बायांवर हात पडतो तेव्हा आपण म्हणतो, पोलिसांनी तपास नीट केला नाही. खरं आहे. पण तपास म्हणजे काय असतं, तो कुठं कुठं मरतो, हे आतून कोणी सांगत नाही. साहेबलोक आठवणी लिहितात, त्यात दरोडे असतात, दंगली असतात, मंत्र्यांचे फोन असतात. ठाण्यातल्या वहीत फिर्याद लिहिणारा हात त्यात नसतो. तो हात माझा होता.

माझा जन्म १९६३ चा. त्याच साली औरंगाबाद जिल्ह्यातल्या सिरसगावात आपल्या बायांना नागवं करून गावातून फिरवलं. मी नऊ वर्षांचा झालो तेव्हा, १९७२ साली, परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात तेच झालं. निमित्त पाण्याचं, विहिरीचं. त्या वर्षी स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं होत होती. 'साधना'च्या १५ ऑगस्टच्या अंकात राजा ढाले यांनी हिशेब मांडला, की राष्ट्रध्वजाचा अपमान केला तर ३०० रुपये दंड अन् दलित बाईचं लुगडं फेडलं तर ५०. पांढरपेशा महाराष्ट्र खवळला तो झेंड्यासाठी. लुगड्यासाठी कोण खवळलं? दोन वर्षं आधी, १९७० साली, एलायापेरुमल समितीचा अहवाल संसदेपुढं आला होता. देशभरातल्या अशा अत्याचारांची यादीच त्यात होती. १९७२ सालीच दलित पँथर उभी राहिली ती या सगळ्यातून.

पण त्याच १९७२ सालची अजून एक तारीख आहे, तिच्याकडं आपलं लक्ष जरा उशिरा गेलं. २६ मार्च. ठिकाण देसाईगंज, तेव्हाचा चांदा म्हणजे चंद्रपूर जिल्हा, आता गडचिरोली. चौदा-सोळा वर्षांची अनाथ आदिवासी पोर, भावाजवळ राहणारी, लोकांच्या घरी कामाला जाणारी. तिचं एका पोराशी जमलं. भावानं ठाण्यात तक्रार दिली, की माझ्या बहिणीला पळवलं. रात्री सगळ्यांना ठाण्यात बोलावलं, जबाब झाले, सगळ्यांना घरी जायला सांगितलं अन् पोरीला मागं थांबवलं. बाहेर माणसं उभी. आत दिवे मालवलेले. एका शिपायानं तिच्यावर अत्याचार केला, हवालदारानं तिच्या अंगाला हात घातला. ती बाहेर आली अन् जमावापुढं बोलली. जमाव म्हणाला, ठाणं जाळतो. तेव्हा कुठं फिर्याद लिहिली गेली.

मी ठाणे अंमलदार म्हणून काम केलेला माणूस आहे. त्या रात्रीचा विचार करतो तेव्हा मला एक गोष्ट दिसते. ज्या खोलीत गुन्हा झाला, त्याच खोलीत तो नोंदायचा होता. आरोपी, साक्षीदार, लिहिणारा, सगळे एकाच हजेरीपटावरचे. डॉक्टरी तपासणी झाली ती दुसऱ्या दिवशी रात्री, वीस तास उलटून गेल्यावर. अंगावर जखम नाही. जखम नाही म्हणून चंद्रपूरच्या सत्र न्यायालयानं १९७४ साली दोघांना सोडलं. पोरीला शरीरसंबंधाची सवय होती, हे कारण दिलं. नागपूर खंडपीठानं १९७६ साली शिक्षा दिली, शिपायाला पाच वर्षं अन् हवालदाराला एक. त्या न्यायमूर्तींनी एक साधी गोष्ट ओळखली होती. भेदरलेली पोर गप्प राहिली म्हणजे ती राजी होती असं होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली ते फिरवलं. पुन्हा निर्दोष. अंगावर खुणा नाहीत, ओरडा ऐकू आला नाही.

१९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार अन् रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. बायांचे मोर्चे निघाले. १९८३ साली कायदा बदलला. कोठडीत अत्याचार झाला अन् बाईनं कोर्टात सांगितलं, की मी राजी नव्हते, तर कोर्टानं तिचं म्हणणं धरून चालावं, हे कलम तेव्हा आलं. पीडित बाईचं नाव छापायला बंदीही तेव्हाच आली. पण त्या पोरीचं नाव तोपर्यंत साऱ्या देशाला पाठ झालं होतं. आजही त्या खटल्याला तिच्याच नावानं ओळखतात. आरोपींची नावं कोणाच्या ध्यानात नाहीत.

मधे १९७४ साल आहे. शेजारच्या अकोला जिल्ह्यातलं ढाकळी. गवई बंधूंचे डोळे काढले. ते प्रकरण पँथरनं उचललं, दोघा भावांना इंदिरा गांधींपुढं नेलं, देशभर गाजलं. आपल्या सगळ्यांना डोळे आठवतात. पण मुळात ते एका पोरीचं प्रकरण होतं. गावच्या बड्या घरच्या पोरानं तिला नादी लावलं, दिवस गेले, मग हात झटकले. घरच्यांनी जाब विचारला म्हणून डोळे गेले. पुरुषाचे डोळे गेले तेव्हा तो जातीचा अत्याचार झाला. पोरीचं काय झालं होतं, ते 'भानगड' या शब्दात बसलं. हे मी फक्त सवर्णांना म्हणत नाही, आपल्यालाही म्हणतो.

तर मी भरती झालो ते कायदा बदलला त्या वर्षी. मला वाटलं, आता नवं राज्य आलं. १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा झाला, ३० जानेवारी १९९० पासून लागू झाला. बाईचे कपडे उतरवणं, नागवं फिरवणं, जातीवरून तिच्या अब्रूवर हात टाकणं हे त्यात वेगवेगळे गुन्हे म्हणून लिहिले गेले. त्याच १९९० साली बौद्धांना अनुसूचित जातीत धरलं गेलं. १९९५ साली नियम आले. नियम ७ नं सांगितलं, तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्यानं करायचा नाही. कागदावर सारं होतं. कागद लिहिणारा मी होतो.

१९९६ चा कार्तिक. ठाण्याचं नाव सांगत नाही, गावाचंही नाही. कापूस वेचणीचे दिवस. दिवेलागणीला एक बाई सासूसोबत चालत आली. आपलीच. पातळाला जागोजाग गाठी मारलेल्या. मला बघून सासू म्हणाली, "तुमी आपलेच ना जी, जमादार?" मी मान हलवली. मग ती बाई बोलायला लागली. काट्यावर वेचणीचं वजन कमी धरलं म्हणून तिनं मालकाच्या पोराला टोकलं. दहा-बारा बाया उभ्या होत्या. त्यानं तिचं पातळ धरलं अन् फेडलं. फेडताना काय बोलला तेही तिनं सांगितलं, जातीच्या नावासकट, शब्दाला शब्द. तिच्या बोलण्याचा शेवट मला आजही पाठ आहे: "त्यानं मले लोकाइच्या समोर नागवं केलं जी. मारलं असतं तं चाललं असतं."

ठाणेदार दौऱ्यावर होते. फोन लावला. ते म्हणाले, "रात्री अॅट्रॉसिटी लावू नको. साधं घे, सकाळी बघू." मी साधं घेतलं. कसं लिहिलं ते सांगतो. पोलीस ठाण्यात एक भाषा असते, ती पिढ्यान् पिढ्या जुन्या वहीतून नव्या वहीत उतरत आलेली असते. मी लिहिलं, 'सदर इसमाने वाईट उद्देशाने माझा पदर ओढून माझ्या मनास लज्जा उत्पन्न होईल असे वर्तन केले व जातीवाचक शिवीगाळ केली.' लिहून वाचून दाखवलं. तिला त्यातलं निम्मं कळलं नाही. अंगठा दिला.

बघा काय झालं ते. 'पातळ फेडलं' याचं 'पदर ओढला' झालं. जो शब्द तो पोरगा बोलला, त्याच्या जागी 'जातीवाचक शिवीगाळ' आलं. दहा-बारा बायांपुढं झालं, हे राहूनच गेलं. मी खोटं लिहिलं नव्हतं. मी फक्त सवयीनं लिहिलं होतं. अन् खरं सांगायचं तर माझ्याच जातीच्या बाईचं ते नागवेपण माझ्या हातानं लिहायची मलाच लाज वाटली. तिनं सांगायची लाज धरली नाही, मी लिहायची धरली.

दोन दिवसांनी वस्तीतली माणसं गेली तेव्हा अॅट्रॉसिटीचं कलम वाढवलं. तपास मात्र ठाण्यातल्या उपनिरीक्षकानंच केला, उपअधीक्षकांची फक्त सही. पंच गावातलेच, मालकाच्या काट्यावर कापूस घालणारे. पातळ जप्त केलं ते पाचव्या दिवशी, धुतलेलं. तिच्याजवळ दुसरं एकच होतं, ती काय करणार? जातीचा दाखला मागितला तर शाळेच्या कागदावर 'बौद्ध'. मग तहसीलचे खेटे.

खटला उभा राहिला तीन-साडेतीन वर्षांनी. मी साक्षीला होतो. ती पिंजऱ्यात उभी राहिली अन् जसं मला सांगितलं होतं तसंच सारं सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडं नाही. आरोपीच्या वकिलानं माझं लिखाण तिच्यापुढं धरलं. "पातळ फेडलं हे फिर्यादीत कुठं आहे, बाई? जातीचा कोणता शब्द, तो कुठं आहे? लोक होते, हे कुठं आहे? म्हणजे हे सारं तुम्ही मागून जोडलं." कोर्टाच्या भाषेत याला सुधारणा म्हणतात. बाकीच्या बाया फितूर झाल्या. त्यांना पुढच्या हंगामात त्याच शेतात वेचणीला जायचं होतं. आरोपी सुटला.

कोर्टाच्या पायऱ्यांवर ती माझ्याजवळ आली. चिडली नव्हती. म्हणाली, "भाऊ, मी तं तुमाले सारंच सांगतलं होतं ना?"

मी काय बोलणार होतो?

अत्याचार कायद्यात कलम ४ आहे. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या सरकारी नोकराला त्यात शिक्षा आहे. पण ते कलम जो स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नाही अशाच नोकराला लागतं. म्हणजे मी कायद्यानं सुटलो. आपलेपणाचा असाही एक फायदा असतो, दोस्तहो.

त्यानंतर दहा वर्षांनी खैरलांजी झालं. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली, सुरेखा, प्रियंका, रोशन अन् सुधीर. जिवंत राहिला तो भैयालाल. त्याआधी ३ सप्टेंबरला त्यांच्या बाजूनं उभे राहणाऱ्या सिद्धार्थ गजभिये यांना मारहाण झाली होती. सुरेखा अन् प्रियंका यांनी मारणारे ओळखून सांगितले. पोलिसांनी अॅट्रॉसिटी लावली नाही. आरोपी जामिनावर सुटले अन् त्याच दिवशी त्या दोघींच्या घरावर चालून गेले. साक्ष द्यायची हिंमत केली म्हणून बाई मारली जाते, हे ज्या पोलिसाला आधी कळत नाही त्यानं तपास कशाचा करायचा?

मग पुढं तेच. प्रेतं कालव्यात सापडली. पहिल्या शवविच्छेदनात बायांवर लैंगिक अत्याचार झाला की नाही, याची नीट तपासणीच झाली नाही. पुरलेली प्रेतं उकरून दुसरं शवविच्छेदन झालं तोवर पाण्यानं, मातीनं अन् दिवसांनी पुरावा खाल्ला होता. तपास सीबीआयकडं गेला. भंडाऱ्याच्या न्यायालयानं सप्टेंबर २००८ मध्ये आठ जणांना दोषी धरलं, सहांना फाशी अन् दोघांना जन्मठेप. पण अत्याचार कायदा लागला नाही, विनयभंगाचं कलमही टिकलं नाही. १४ जुलै २०१० ला नागपूर खंडपीठानं फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची जन्मठेप दिली. कारण म्हणे सूडाचं, जातीचं नव्हे. चार मुडदे कबूल, जात नाकबूल. बाई म्हणून काय झालं, ते तर कागदावर आलंच नाही. भैयालाल भोतमांगे जानेवारी २०१७ मध्ये गेले. अन् २०१० सालीच त्या गावाला तंटामुक्तीचा पुरस्कार मिळाला.

नोव्हेंबर २००६ मध्ये विदर्भ पेटला. नागपूर, अमरावती, यवतमाळ, सगळीकडं मोर्चे. मी बंदोबस्तात होतो, हातात काठी, समोर आपल्याच बाया. एक म्हातारी मला म्हणाली, "तू कोनाकडून हायेस रे?" त्या म्हातारीलाही मी उत्तर दिलं नाही.

आता एका शब्दाबद्दल. इंग्रजीत 'हेट क्राईम' म्हणतात, द्वेषातून केलेला गुन्हा. माणूस काय केलं म्हणून नव्हे, तर कोण आहे म्हणून मारला जातो. अमेरिकेत १९९० साली अशा गुन्ह्यांचे आकडे गोळा करायचा कायदा झाला तेव्हा त्यात वंश होता, धर्म होता, पण बाई नव्हती. बाई म्हणून झालेला गुन्हा त्यात यायला २००९ साल उजाडलं. म्हणजे ही आंधळेपणाची साथ आपल्याकडंच नाही. आपल्याकडं तिची तऱ्हा निराळी. गुन्हे मोजणाऱ्या राष्ट्रीय विभागाचा नियम असा, की एका प्रकरणात अनेक गुन्हे असले तर सगळ्यात भारी तो मोजायचा. अत्याचार करून खून केला तर मोजला जातो खून. बाई आकड्यातूनही जाते.

तपासाची खरी अडचण इथं आहे. हात कोणाचा होता ते पोलीस शोधू शकतो. पण तो हात का उठला, हे पंचनाम्यात कसं लिहायचं? जुन्या कायद्यात मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्याला अॅट्रॉसिटी लावायची तर तो जातीच्या कारणानं केला, हे सिद्ध करावं लागे. आरोपी म्हणे, मी बाई बघितली, जात बघितली नाही. अन् कोर्ट मान्य करी. जणू आपल्या बाईची जात तिच्या लुगड्यासारखी वेगळी काढून ठेवता येते! २०१६ पासून कायदा बदलला. आरोपीला जात ठाऊक होती, एवढं पुरतं. गावात कोणाची जात कोणाला ठाऊक नसते? २०२१ साली आंध्रातल्या एका अंध दलित तरुणीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं लिहिलं, की जात, बाईपण अन् अपंगत्व ही ओझी एकाच अंगावर एकत्र पडतात, ती सुटी करून बघू नका. अन् त्याच निकालात जुन्या कलमाखालचा पुरावा अपुरा म्हणून अॅट्रॉसिटीची शिक्षा रद्द झाली. बलात्काराची राहिली. समजलं सारं, दिलं निम्मं.

आपल्या जिल्ह्यातच बघा. झरी-जामणीकडं कोलामांचे पोड आहेत. तिथल्या कुमारी मातांवर वर्तमानपत्रांत पानं भरली, समित्या येऊन गेल्या. बाहेरून ठेकेदार, व्यापारी येतात, लग्नाचं, पैशाचं आमिष दाखवतात, पोर पदरात टाकून निघून जातात. फिर्याद का होत नाही, असं साहेब विचारतात. पोरगी कोलामी बोलते, लिहिणारा मराठी लिहितो, अन् मधे दुभाष्या कोण, तर कधी कधी ठेकेदाराच्याच ओळखीचा माणूस. जिल्ह्याचं ठिकाण शंभरेक किलोमीटर. तिथं जायचं तर तिची मजुरी बुडते. मला माझी १९९६ ची वही आठवते. तिथं तर मराठीतून मराठीत येतानाच बाई हरवली होती. कोलामीतून येताना काय उरेल?

सुधारणा झाल्या, नाही म्हणत नाही. २०१३ पासून असे गुन्हे नोंदवायला नकार देणारा पोलीसच गुन्हेगार ठरतो. जबाब महिला पोलिसानं घ्यायचा. बायांची ती 'दोन बोटांची' तपासणी कशी अशास्त्रीय अन् अमानुष आहे, हे आपल्या शेजारच्या सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी लावून धरलं. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली अन् पुन्हा २०२२ साली तिच्यावर बोट ठेवलं. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले, मोठ्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथक जागेवर जाणं सक्तीचं होत चाललं आहे. चांगलं आहे. पण पथक येईल तेव्हा येईल. त्याआधी एक बाई चालत ठाण्यात येते अन् टेबलामागच्या माणसापुढं तोंड उघडते. सारा तपास त्या अर्ध्या तासात जगतो नाहीतर मरतो.

म्हणून माझं मागणं लहान आहे. वस्तीतल्या शिकल्या पोरींनो, पोरांनो, अशी वेळ आली तर मोर्च्याच्या आधी ठाण्यात जा. बाईच्या सोबत बसा. ती जे शब्द बोलते तेच कागदावर उतरतात का, ते बघा. शिवी असली तर शिवीच लिहायला लावा. कोण कोण बघत होतं, त्यांची नावं लिहायला लावा. नेसलेलं पातळ धुऊ नका, कागदात गुंडाळून न्या, अन् बाईला नेसायला दुसरं सोबत न्या. डॉक्टरकडं त्याच दिवशी. तपास कोण करतो, त्याचा हुद्दा विचारा. फिर्याद वाचून घ्या अन् समजली नाही तर सही करू नका, अंगठा देऊ नका. प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. अन् टेबलामागं आपलाच माणूस दिसला तर गाफील राहू नका.

ती बाई आता नाही. मागच्या वर्षी गेली असं कळलं. मी मातीला गेलो होतो, मागं उभा राहिलो. तिची फिर्याद मी इथं पुन्हा लिहिली आहे, या वेळी तिच्या शब्दांत. एकच शब्द गाळला, तो पोरगा बोलला तो. वहीत तो लिहायलाच पाहिजे होता, पण इथं पुन्हा छापून तिला पुन्हा ऐकवायची माझी इच्छा नाही. तिचं नाव लिहीत नाही, त्याला कायदा आहे. माझं नावही खाली नको, असं संपादकांना सांगितलं आहे. त्याला कायदा नाही, फक्त लाज आहे.

जय भीम.